दिसेल तिथवर

डिसेंबर लागला की मुलुंडची हवा आठ-दहा दिवस शहाण्यासारखी वागते. पहाटे पंखा नकोसा होतो, नळाचं पाणी बोटांना चावतं, आणि आमच्या सोसायटीतली माणसं डांबरगोळ्यांचा वास येणारे स्वेटर अंगात चढवून फिरायला निघतात. थंडी कधी पळून जाईल याचा नेम नाही, त्याआधी स्वेटर एकदा तरी वापरून घेतला पाहिजे, अशी सगळ्यांना घाई असते. मीही त्यांच्यातलाच.

गेल्या आठवड्यात मी असाच जिन्यात दम खात उभा होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची मेघना धावून परत आली. बँकेत नोकरी करते, सकाळी डोंगरावर धावायला जाते. तिने कौतुकाने फोन पुढे केला. नकाशावर आमचा डोंगर होता आणि त्याला पूर्ण वळसा घालून आलेली एक केशरी रेघ. कुठे चढली, कुठे वळली, कुठे पाणी प्यायला थांबली, सगळं त्यात होतं. काका, तुम्हीही धावायचात ना, तुमचा रूट कुठला होता, असं तिने विचारलं. मी सांगितलं की माझा रूट माझ्या आईने आखला होता, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून. ती हसली. तिला वाटलं काका नेहमीसारखे काहीतरी फेकताहेत.

फेकत नव्हतो. ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं आणि मी सतरा वर्षांचा होतो. मुलुंड कॉलनीच्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून आमची चाळ होती. गॅलरीत उभं राहिलं की समोर डोंगराची अख्खी पुढची बाजू दिसायची. ऊन आमच्या पाठीमागून उगवायचं, त्यामुळे सकाळी आधी डोंगराचा माथा उजळायचा, मग हळूहळू उजेड खाली उतरायचा, आणि आमच्या खोल्यांत तो सगळ्यात शेवटी पोचायचा. डोंगराच्या पायथ्याशी बंद पडलेली दगडाची खाण होती. खाणीपासून एक पायवाट तिरकी वर चढायची, एका काळ्या खडकाशी पोचायची, तिथून सावरीच्या झाडापर्यंत आडवी जायची आणि पुढे खिंडीतून डोंगरामागे नाहीशी व्हायची. खाण ते सावर, सावर ते खाण, एवढा माझा रूट. खिंडीच्या अलीकडे मी उलटा फिरायचो. कारण खिंडीच्या पलीकडचं आईला दिसत नव्हतं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. मी नऊ वर्षांचा असताना शाळेत वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग पुन्हा लावली, मग मला बाजूला बसवलं. हृदयात जादा आवाज येतो, मुलाला पळापळ करू देऊ नये, अशी चिठ्ठी घरी आली. त्या दिवसापासून पुढची आठ वर्षं मी बसून काढली. खेळाच्या तासाला पोरं आपले शर्ट, चपला, खिशातल्या गोट्या माझ्यापाशी ठेवून मैदानात जायची. मी कपड्यांचा ढीग राखायचो. जिने चढतानाही आई मागून म्हणायची, सावकाश. मी सावकाश जगायला इतका पटाईत झालो की शिक्षक प्रगतिपुस्तकात माझ्या शांत स्वभावाची स्तुती करायचे.

कॉलेजात गेल्यावर वडिलांनी मला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की काही नाही, असे आवाज लहानपणी पुष्कळांच्या छातीत असतात, वाढत्या वयात जातात, मुलगा ठणठणीत आहे. धावू दे, पोहू दे, काय वाटेल ते करू दे. वडिलांनी त्यांचे हात हातात घेतले. आईने मान डोलावली, पदराने डोळे टिपले, देवापुढे नारळ फोडला. आणि डॉक्टरांवर अजिबात विश्वास ठेवला नाही.

तिचंही चुकत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ दिगू अकरा वर्षांचा असताना गेला होता, तिच्या डोळ्यांसमोर. त्यांचं गाव कोकणात, खाडीच्या वर चढावर. आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि गणपतीला बोटीने घरी यायचे. बोट लागलेली दिसली तसा दिगू धक्क्यावरून निघाला आणि अख्खी घाटी धावत चढला, सगळ्यांच्या आधी बातमी द्यायला. अंगणात येऊन "आबा इले" म्हणाला, खळ्यात बसला, मग आडवा झाला. आजोबा ट्रंक घेऊन वर पोचले तेव्हा पोर गेलेलं होतं. आईने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून माझ्याही छातीत दिगूमामा येऊन बसला. पुढे धावायला लागल्यावर प्रत्येक चढावर मला तो आठवायचा.

माझ्या धावण्याला कारणीभूत झाले आमच्या कॉलेजच्या जिमखान्याचे सामंत सर. बुटके, पोट सुटलेले, स्वतः बस पकडायलाही न धावणारे. पण त्यांच्याकडे कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातली काही पानं होती, आणि ती त्यांनी जिमखान्याच्या भिंतीवर चिकटवली होती. इंग्लंडातली हिरवी टेकाडं, दगडी कुंपणं, लांबवर मेंढ्या, आणि त्यामधून गुडघाभर चिखलात धावणारी पोरं. थंडीने त्यांचे कान लाल झालेले, तोंडं वेडीवाकडी. सर त्या चित्रांपुढे भक्तिभावाने उभे राहायचे. असाच रूट आपल्याकडे आहे, म्हणायचे, उगाच विलायतेला कशाला जायचं? मग फळ्यावर आमचा डोंगर काढायचे. मेंढ्यांच्या जागी तबेल्याच्या म्हशी, दगडी कुंपणाच्या जागी पाण्याची भली मोठी पाइपलाइन, ओढ्याच्या जागी नाला. चिखलाची तेवढी उणीव होती, ती नाल्याने भरून काढली. खाण, खडक, सावर, खिंड, तिथून डोंगरामागून पूर्ण वळसा आणि नाल्याच्या काठाने परत. जानेवारीत कॉलेजांची शर्यत याच वाटेवर व्हायची होती आणि सरांना संघासाठी सहा मुलं हवी होती.

मी नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा आईने हातातला पेला खाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मधला मार्ग वडिलांनी काढला. ते कारखान्यात रात्रपाळीला असायचे, सकाळी आठला घरी येऊन झोपायचे, आणि त्यांना घरात शांतता हवी असायची. त्यांनी निकाल दिला: पोरगा धावेल, पण दिसेल तिथवर. आईने तो शब्द पक्का धरला. शिवाय आपल्या जुन्या साडीचा लाल काठ उसवून त्याची पट्टी माझ्या बनियनला पुढून-मागून आडवी शिवून टाकली, म्हणजे इतक्या लांबून पोर ओळखता येईल. डोंगरावर बिबट्या येतो असं सगळी चाळ सांगायची, पण बिबट्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला भीती माझ्या बरगड्यांच्या आतल्या जनावराची होती.

तर रोज साडेसहाला मी खाणीपाशी पोचायचो आणि ती गॅलरीत. पाण्याची वेळही तीच. एक हात हंड्याला, डोळे डोंगरावर. हंडे भरून वाहायचे, शेजारच्या बायका ओरडायच्या, ती हलायची नाही. मी दर फेरीला सावरीशी पोचलो की हात वर करायचो, तीही करायची. मला तिचा हात दिसायचा असं नाही, पण ती करते हे ठाऊक होतं. पहिले काही दिवस मला तिचं बघणं बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. चढावर छाती धडधडली की मी गॅलरीकडे बघायचो. जे काही व्हायचं ते तिच्या देखत होईल, एवढा आधार वाटायचा.

मग तो आधार टोचायला लागला. संघातली बाकीची पोरं खिंडीतून पलीकडे जायची आणि मी शाळेतल्यासारखा अलीकडे थांबायचो. सरांनी एकदा सरळ सांगितलं की अर्ध्या रूटवरचा मुलगा मला नको. तेव्हा मला युक्ती सुचली. युक्ती कसली, फसवणूकच ती.

माझा दोस्त पास्कल खाणीजवळच्या जुन्या वस्तीत राहायचा. त्यांची तिथे पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होती, आता जमीन विकून बाप गॅरेजात जायचा. पास्कल माझ्याच उंचीचा, माझ्याच अंगाचा. त्याला शर्यतीशी कर्तव्य नव्हतं, तो आपला माझ्याबरोबर यायचा. खाणीच्या आडोशाला आम्ही बनियनं बदलली. लाल पट्टीचं त्याने घातलं, त्याचं मी. मी खिंडीतून मागे जायचं आणि मी परत येईपर्यंत त्याने खाण ते सावर फेऱ्या मारायच्या, सावरीशी हात वर करायचा. आईने त्याला किती वेळा घावणे खायला घातले होते, ते आठवून तो जरा कचरला.

"यार, तुझ्या आईला फसवायचं आणि वर तिचेच घावणे खायचे. पाप लागेल ना."

"मग नको खाऊस."

"खाणार तर. पाप लागू दे."

डोंगरामागे मी पहिल्यांदा एकटा धावलो तो दिवस मला नीट आठवतो. खिंड ओलांडली आणि चाळ, रस्ता, कारखान्याचे भोंगे, सगळं एकदम बंद झालं. नुसता माझ्या श्वासाचा आवाज. पुढे करवंदीच्या जाळ्या, वाळलेलं सोनेरी गवत, आणि खूप लांब, झाडांच्या पलीकडे, तलावाचं पाणी चमकत होतं. सतरा वर्षं त्या डोंगरासमोर राहून मला त्यामागे पाणी आहे हे दिसलं नव्हतं. मी थांबलो, पण पाणी बघायला नव्हे. छातीवर हात ठेवला. आतलं धडधडणं आज जरा वेगळं आहे का, दिगूमामाला शेवटी असंच वाटलं होतं का, हे तपासत राहिलो. पहिल्या दिवशी तीनदा थांबलो, दुसऱ्या दिवशी दोनदा. पाचव्या दिवशी नाल्याच्या काठाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आज आपण छातीला हात लावलाच नाही. मला त्या क्षणी मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण सांगणार कोणाला? जिला सांगायचं तिलाच मी बनवत होतो.

अकरा दिवस असे गेले. घरी आलो की आई चहाचा कप पुढे करायची आणि आज चांगला धावलास म्हणायची. मी मान खाली घालून चहा प्यायचो.

बाराव्या दिवशी पास्कल कंटाळला. डिसेंबरात त्या उतारावर बोरं पिकतात, लहान, आंबटगोड. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने खिसाभर बोरं तोडली आणि काळ्या खडकावर उताणा पडून आरामात खायला लागला. माथ्यावरून उतरणारं ऊन त्या वेळी नेमकं तिथे पोचतं. डोळ्यांवर आलं म्हणून त्याने डोळे मिटले.

आईने काय पाहिलं ते ती पुढे कधीतरी तुकड्यातुकड्यांनी सांगायची. लाल पट्टी चढली, खडकाशी थांबली, बसली, आडवी झाली. मग उठलीच नाही. नळ तसाच सोडून ती निघाली. जाताना स्टोव्हजवळच्या टोपलीतला एक कांदा उचलला, कारण माणूस पडला की आधी कांदा हुंगवायचा, हे आमच्याकडे बाळगुटीबरोबरच शिकवतात. तीन जिने, रस्ता, तबेल्यामागचं मैदान, खाण आणि तो सगळा चढ. आयुष्यात जिने पाऊल उचलून टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ती बाई साडीचा ओचा खोचून धावली. खाणीपाशी चपलेचा अंगठा तुटला, तिने दोन्ही चपला तिथेच टाकल्या. हाका मारायलाही थांबली नाही. दिगूला हाका मारून काय झालं होतं?

पास्कल सांगतो की डोळे मिटून तो एक मोठं बोर चघळत होता, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या छातीवर बसलं आणि नाकावर कांदा दाबला. बी घशात गेली. तो ठसकत, शिंकत उठून बसला. आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, आणि ते आपल्या मुलाचं नव्हे हे तिला कळलं. एरवी त्याला नावानिशी ओळखणारी आई त्याला म्हणाली, तू कोण? पास्कल मला वाचवायला एक शब्दही खोटा बोलला नाही, त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. त्याने नुसतं बोट खिंडीकडे केलं.

मी त्या दिवशी न थांबता अख्खा वळसा पुरा केला होता. नाल्याच्या काठाने आलो आणि वर पाहिलं तर काळ्या खडकावर आई. केस सुटलेले, पाय रक्ताळलेले, हातात कांदा. शेजारी पास्कल चोरासारखा उभा. मी तो चढ जितक्या जोरात चढलो तितक्या जोरात शर्यतीतही धावलो नाही. तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

तिने मला वरून खाली पाहिलं. माझ्या छातीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. आत घोडा दौडत होता.

"खंय होतंस?"

मी सांगितलं. डोंगरामागे.

"सगळो वळसो? किती दिस?"

अकरा दिवस, आजचा बारावा. हेही सांगितलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

ती खडकावर बसली. मग तिने आपला दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. बराच वेळ तशीच, एक हात माझ्यावर, एक स्वतःवर, जणू दोन भांड्यांतलं पाणी ताडून बघत होती. तिचा दम हळूहळू खाली बसला. माझाही. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एखाद्याचा जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

"मी आज हयपर्यंत धावलंय," ती म्हणाली. "जन्मात पयल्यांदा. माका काय झाला नाय. मगे तुका काय होतला?"

आणि ती रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. मला वाटतं ते रडणं माझ्यासाठी नव्हतं, खळ्यात आडव्या झालेल्या त्या अकरा वर्षांच्या पोरासाठी होतं. तीस वर्षांत तिला त्याच्यासाठी धावता आलं नव्हतं, ते त्या सकाळी धावून झालं. पास्कलने काय करावं ते न सुचून खिशातली उरलेली बोरं तिच्या ओंजळीत ठेवली. रडता रडता तिने दोन खाल्ली. उतरताना त्याने आपले कॅनव्हासचे बूट काढून आईला घालायला लावले, आणि ती आमच्या दोघांच्या मधून, साडीखाली पोरांचे बूट घालून, रस्त्याने घरी आली. चाळीत तिला कोणी काही विचारलं नाही. तिचा नळ मात्र शेजारच्या बायकांनी बंद केला होता आणि त्याबद्दल चार शब्द ऐकवायचं त्या विसरल्या नाहीत.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. आतल्या खोलीत टीव्ही बघत असते. मेघनाला मी ही हकीकत सांगत होतो तेव्हा तिने आतून एवढीच दुरुस्ती केली की तो कांदा नव्हता, लिंबू होतं. पास्कल वसईला असतो. त्याला फोन केला तर तो शपथेवर कांदाच सांगतो, नाक त्याचं होतं. शर्यतीत माझा नंबर तेविसावा आला. सामंत सर म्हणाले, विलायतेत एवढ्या चिखलात बारावा आला असतास. कशावरून, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण माझ्या मनात त्या मोसमाचा शेवट शर्यतीने होत नाही. तो होतो खडकावरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी मी उघडपणे, माझं स्वतःचं बनियन घालून, पूर्ण वळशाला निघालो. निघताना आई अंथरुणातच होती. दार लोटून घे, एवढंच म्हणाली. सावकाश म्हणाली नाही. खिंडीतून पलीकडे गेलो, तलाव पाहिला, मनसोक्त पाहिला, आणि घाई न करता परत आलो. घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. गॅलरीत शेजारच्या काकूंनी तोंडावर बोट ठेवून मला थांबवलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की आईचं पाणी त्यांनीच भरून ठेवलंय, तिला उठवू नकोस.

मी दार हळूच ढकललं. आई झोपली होती. कुशीवर, गालाखाली हात घेऊन, तोंड किंचित उघडं. पायाला बांधलेली हळदीची चिंधी चादरीबाहेर आलेली. बाहेर बादल्या आपटत होत्या, कोणाचातरी रेडिओ लागला होता, आणि ती गाढ झोपलेली. मी तिला सकाळी झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. मला चहाची तल्लफ आली होती, पण स्टोव्हला पंप मारला असता तर आवाजाने तिला जाग आली असती. म्हणून मी तसाच उंबऱ्यावर बसून राहिलो.